टाकी भरली तरी डिझेल थांबेना

लग्नानंतर वर्षभरातच सासऱ्यांचं उजवं अंग लुळं पडलं. नवरा सैन्यात, लांब सरहद्दीवर. तासगावच्या रस्त्यावरचा घरचा पेट्रोल पंप माझ्या गळ्यात आला. मी माहेरची औंधची, बी.एड. झालेली. साताऱ्याच्या एका शाळेनं नोकरीला बोलावलं होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते जरा हिंडूफिरू लागले की जा, असं सासूबाई म्हणत. मामा खाटेवरच राहिले आणि मी पंपावर.

द्राक्षांच्या हंगामातली दुपार. कामगार जेवायला गेलेला, म्हणून एका ट्रॅक्टरच्या टाकीत मीच नोझल घातलं आणि खटका अडकवून ठेवला. टाकी भरली की तो आपोआप सुटतो, हे रोजचंच. तेवढ्यात मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टरचं तोंड अगदी माझ्याजवळ आणून लावलं. पुढं चाक, मागं इंजिन, बाजूला मशीन. हलायला जागा उरली नाही.

खटका सुटलाच नाही. डिझेल टाकीवरून उसळलं, तापलेल्या इंजिनवर पडून धूर निघायला लागला. मी दांडी धरली, पण बोटं निसटत होती. बंद करायचं बटण मशीनच्या पलीकडं. ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजला. मागच्याला ओरडून सांगितलं, पण इंजिनांच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही. अखेर ओढणी हाताला गुंडाळून खटका ओढला, तेव्हा धार थांबली. मग कितीतरी वेळ मी तिथंच उभी होते, कारण बाहेर पडायला वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून मेकॅनिक आला. त्यानं नोझल उघडून दाखवलं. टोकाशी एक बारीक भोक असतं. डिझेल वाहताना त्यातून हवा आत ओढली जाते. टाकी भरली की भोक बुडतं, हवा बंद होते, आणि आतली ओढ एका पातळ रबरी पडद्याला खेचते. त्यानं खटका सुटतो. आमचा पडदा फाटला होता, त्यामुळं ती ओढच तयार होत नव्हती.

त्याच संध्याकाळी मी मामांजवळ बसले. म्हटलं, "मामा, मला साताऱ्याला जायचंय."

 ते अडखळत म्हणाले, "जा की. पर तू न्हाईस तर पंपाला कुलूपच लावायचं हाय."

रागानं म्हणाले असते तर मी गेलेही असते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पदराशिवायच डोकं झाकल्यासारखी मान खाली घातली आणि त्यांना औषध पाजलं.

शाळेला मी नकार कळवला. फोन ठेवल्यावर पंपावर आले, तर बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली होती.