सिस्टरनं सांगितलेला शेवट

पत्रक हातात दिलं की ती चष्मा कपाळावर चढवायची, कागद लांब धरायची आणि दुसऱ्याच ओळीवर बोट टेकवायची.

"भूत लवकर दाखवलं न बाबू तू."

पत्रक पाणीटंचाईचं असो, रेशनच्या रॉकेलचं असो की वीजकपातीचं, शेरा हाच. मी पहिल्याच ओळीत दोषी अधिकाऱ्याचं नाव लिहायचो, जाड अक्षरात, पुढे तीन उद्गारचिन्हं. तिचं म्हणणं असं की नाव कळलं की माणूस पुढे वाचत नाही, त्या कागदात फल्लीदाणे बांधून घरी नेतो.

"पहिले दार वाजू दे. उघडलं तर कोणी नाही. मंग परत वाजू दे. थांब न जरा."

"सिस्टर, हे आंदोलन आहे. सिनेमा नाही."

"म्हणूनच तं कोणी शेवटपर्यंत पाहत नाही."

हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटच्या सरकारी दवाखान्यातून ती हेड नर्स म्हणून रिटायर झाली होती. बहुतेक नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, एकटीचं. गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. मीही त्यातलाच, त्यामुळे तिच्यासमोर भाषण करायला मोठी अडचण. जिनं तुम्हाला उलटं धरून पाठीवर थाप मारलेली असते, तिला व्यवस्थेबद्दल काय सांगणार? तिला नावानं कोणी हाक मारत नसे. सिस्टर म्हटलं की झालं. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, तिचं नाव तुम्हालाही आठवणार नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे दुपारची वीज जायची. रोज, ठरल्या वेळी, सरकारी इमानदारीनं. फक्त दवाखान्याच्या लाइनवर वीज असायची. आणि सिस्टरचं घर त्या लाइनवर होतं. कधीकाळी दवाखान्याच्या वायरमननं भिंतीवरून एक तार टाकून दिली होती, ती तशीच राहिली. त्यामुळे सगळं गाव हातपंख्यानं वारा घेत असताना गल्लीतल्या बाया सिस्टरच्या खोलीत पंख्याखाली बसून कोरियाची मालिका बघायच्या. सरकारी चॅनलवर ती दुपारचीच लागायची. माणसं कोरियाची, बोलणं हिंदी. तोंड मिटलं तरी वाक्य चालूच.

भाग संपला की सिस्टर आवाज बंद करायची आणि निकाल द्यायची.

"ह्या कोरियावाल्यायचं एक चांगलं आहे. हे लोक जेवतेत. आपल्या सिरियलीतल्या बाया दागिने घालून जिन्यावर उभ्या राह्यतेत, कोणी भात खाताना पाह्यली का? इथं पाहा, जेवून राह्यले, रडून राह्यले, तरी वाटी संपवून राह्यले. अशा माणसावर भरोसा बसते."

"और सिस्टर, हाथ तक नहीं पकड़ते," किरनापुरवाली काकू म्हणायची. किरनापुरहून लग्न होऊन आलेली ही शेजारीण बायांची पुढारी होती. मराठीत बोलायची आणि भावना अनावर झाल्या की हिंदीत जायची. "दहा एपिसोड झाले, अजून नुसते छत्रीत उभे आहेत."

"ते बी चांगलंच आहे. पण वाईट काय, सांगू? दर चौथ्या माणसाले मोटर ठोकते, अन् ठोकली की आठवण साफ. डोक्याले खरचटलं नाही. मी एवढी वर्षं दवाखान्यात काढली, बैलगाडीखाली आलेले पाह्यले, ट्रकखाली आलेले पाह्यले. सगळ्यायले आपली बायको आठवे." मग पुढच्या भागाची झलक लागली की ती पडद्याकडे हात करायची. "अन् हे सलाइन पाहा. बाटली लावली आहे, थेंब पडून नाही राह्यला. ह्या पोराले हे मारतेत, पाहशील."

मारायचे.

तिचं दुसरं वेड भुतांचं. तिचा भाचा गोंदियाला सीडीच्या दुकानात कामाला होता. महिन्यातून एकदा राजेगाववरून बसनं यायचा आणि पेपरात गुंडाळून सिनेमे आणायचा, तेही त्याच बाजूच्या देशांचे. ते बघायला बाया एकदाच आल्या. तासभर त्यात काहीच झालं नाही. एक बाई पाण्याचा ग्लास ठेवते, उचलते, परत ठेवते. किरनापुरवाली काकू भिंतीला टेकून झोपली. पुढच्या वेळेपासून प्रेक्षक दोनच उरले, ती आणि मी. रविवारी भर दुपारी, दार उघडं टाकून. दार बंद करायची माझी तयारी नव्हती.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि प्रत्येक गोष्टीत शोषण शोधायचो. ग्लासात ते सापडेना. मी वैतागलो की ती म्हणायची, "थांब न जरा. ग्लास कोण हलवते हे माहीत नाही, तोवरच भेव आहे. भेव ग्लासात आहे, भुतात नाही."

त्या सिनेमांचं वाईटही ती सोडायची नाही. "शेवटी हे घोटाळा करतेत. घंटाभर चांगलं भेववलं, मंग भूत बसून आपली हकिकत सांगते. अर्ज वाचल्यासारखी. हकिकत कळली की दया येते, अन् दया आली की झोप लागते."

"पण सिस्टर, हकिकत तर खरी आहे. तिला विहिरीत ढकललं, कोणी रिपोर्टच लिहिला नाही."

"हौ. म्हणजे तुह्याच पार्टीतलं भूत आहे ते."

आता मालिकेचं मुख्य सांगतो. एका दवाखान्यात वादळात वीज जाते आणि अंधारात नर्सच्या हातून दोन बाळांची अदलाबदल होते. एक पोरगी श्रीमंताघरी वाढते, दुसरी शेवयांच्या हॉटेलात भांडी घासते. बाया त्या भांडेवालीचं लग्न कोणाशी होतं यासाठी जीव टाकत होत्या. सिस्टरला त्या लग्नाचं काही नव्हतं. ती नर्सची वाट पाहत होती. म्हातारी झालेली ती नर्स मधूनच एखाद्या भागात हॉटेलच्या काचेबाहेर उभी दिसायची. आत यायची नाही.

"हे खोटं दाखवून राह्यले," सिस्टर पहिल्यांदा चिडली ती अदलाबदल परत दाखवली तेव्हा. "आमच्या वॉर्डात लाइट गेली न, तं मी जागेवरून ओरडो, थांबा, कोणी हलायचं नाही. पोरगं ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात. मनगटाले पट्टी बांधल्याबिगर एक पाऊल नाही. बाहेर बाप ओरडे, डॉक्टर ओरडे. थांब न जरा."

मग थोड्या वेळानं, आवाज बंद असलेल्या टीव्हीकडे बघत म्हणाली, "पण ते सांगन. नर्स आहे न ते. आत येऊन सांगन."

त्याच उन्हाळ्यात दवाखान्याचीच वीज जायला लागली. लाइन वेगळी, तरी दर दोन दिवसांनी डीपीवरचा फ्यूज उडायचा. मी चौकशी केली. त्या लाइनवर गुपचूप एक बर्फाचा कारखाना, एक लग्नाचा हॉल आणि काही घरं जोडलेली होती. बर्फ जमत होता, लग्नं झगमगत होती, आणि बाळंतिणींच्या वॉर्डात टॉर्च धरून टाके घालत होते. एक पोरगी जाता जाता वाचली. मी रागानं पत्रक लिहिलं. पत्रकं मी हिंदीतच लिहायचो, कारण आमच्या गावात मराठीत कोणी चिडत नाही. कारखान्याच्या मालकाचं नाव पहिल्या ओळीत, चार उद्गारचिन्हं.

सिस्टरनं चष्मा कपाळावर चढवला. नेहमीचा शेरा आलाच नाही. पूर्ण वाचलं आणि विचारलं, "अन् माह्यं घर?"

"तुमचं काय सिस्टर. एक पंखा, एक टीव्ही."

"तार तं त्याच लाइनची आहे."

"तुम्ही तिथे नोकरी केली आहे. तुमचा हक्कच..."

"मालक बी म्हणन का त्याचा हक्क आहे. माह्यं घर लिही. अन् हे सगळं उलटं कर. पहिले वॉर्ड लिही. पंखा बंद पडला, एवढंच. मंग टॉर्च. मंग विचार, लाइट जाते कुठं? नावं पार खाली टाक."

मी उलटं केलं. पत्रक संपायला आलं तरी त्यात एकही नाव नव्हतं आणि शेवटच्या ओळींत सगळी होती. पहिल्यांदाच लोकांनी माझं पत्रक पानठेल्यावर उभं राहून, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचलं. त्या दिवशी त्यात कोणी फल्लीदाणे बांधले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायांचं शिष्टमंडळ माझ्याकडे आलं. पुढे किरनापुरवाली काकू.

"भैया, आंदोलन चांगलंच आहे. पण पंधरा दिवस थांबा न. सिरियल संपून राह्यली."

मी संतापून अधिकार आणि कर्तव्य यांवर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पलीकडे सिस्टरकडे गेल्या. जन्मभर सगळ्यांना थांब न म्हणणारी बाई आपल्यासाठी तरी थांबेल, असं त्यांना वाटलं.

"भुतासाठी थांबता येते," सिस्टर म्हणाली. "बाळंतिणीसाठी नाही येत."

"पर सिस्टर, वो नर्स? तिचं काय होईल ते तुम्हाला नाही पाहायचं?"

सिस्टरनं उठून चहा ठेवला.

आंदोलनाला यश आलं. प्रशासन कसं चालतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी आदेश निघाला आणि दुपारच्या आत सिस्टरची तार कापून तिचं घर गल्लीच्या लाइनवर टाकलं. बर्फाच्या कारखान्याची कापायला आणखी दोनदा धरणं धरावं लागलं. वायरमन शिडीवर असताना सिस्टर खाली शिडी धरून उभी होती. "सांभाळून रे," ती म्हणाली. तोही तिच्याच हातावर झालेला.

शेवटच्या भागाच्या दुपारी गल्लीत वीज नव्हती. तरी बाया आल्या आणि बंद टीव्हीपुढे आपापल्या जागी बसल्या. मीही उंबऱ्यात बसलो. मग सिस्टरनं हातपंखा उचलला.

"नर्स काचेबाहेर उभी आहे," ती म्हणाली.

बाया सरसावल्या.

"पाऊस नाही. काहीच नाही. उभी आहे. मंग दार ढकलते. आत येते, बसते. भांडेवाली पोरगी विचारते, काय देऊ? म्हणते, शेवया. पोरगी आणते. म्हातारी खाते. हळूहळू खाते."

"मंग?"

"थांब न जरा. खाऊन राह्यली ते."

आणि ती खरंच तेवढा वेळ थांबली. वाटी संपेपर्यंत कोणी पंखाही हलवला नाही. मग म्हातारी नर्सनं त्या पोरीचं मनगट हातात घेतलं, जिथे पट्टी असायला हवी होती तिथे अंगठा ठेवला आणि सांगितलं. सगळं. श्रीमंत घरच्यांना बोलावलं, त्यांच्यासमोर परत सांगितलं. पोरगी रडली, ओरडली, आणि म्हातारीसाठी अजून एक वाटी घेऊन आली. किरनापुरवाली काकू पदर तोंडात धरून हुंदके देत होती.

तेवढ्यात, न ठरलेल्या वेळी, वीज आली. टीव्ही आपोआप लागला. समुद्रकिनारा, बर्फ पडतंय, हिरो आणि भांडेवाली हातात हात घालून चाललेत, गाणं.

सिस्टर क्षणभर बघत राहिली. "नर्स कुठं आहे?"

नर्स कुठेच नव्हती. गाणं संपत आलं होतं.

"हे काहीतरी भलतंच दाखवून राह्यले," सिस्टर म्हणाली. "बंद कर."

मी उठून बंद केला.

पुढच्या वर्षी ती आजारी पडली आणि तिला तिच्याच वॉर्डाशेजारी ठेवलं. मी दुपारी भेटायला गेलो. तिनं विचारलं, "गल्लीत लाइट आहे?" मी म्हटलं, नाही. तिनं वर बोट दाखवलं. पंखा फिरत होता. सलाइनकडे मी आपोआप बघितलं. थेंब पडत होता. तरीही ती गेली.

आता ती मालिका परत दाखवताहेत. घर भाच्याचं आहे, त्याला कुलूप, त्यामुळे बाया किरनापुरवाल्या काकूकडे जमतात. काल शेवटचा भाग झाला. समुद्र, बर्फ, गाणं. मग काकू म्हणाली, "शेवट कापला यांनी. हॉटेलवाला पूरा सीन काट दिया." बाकीच्या म्हणाल्या, हौ, कापला. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. तुम्ही होते न तिथे, सांगा.

मी आजवर पत्रकात एक खोटं वाक्य लिहिलेलं नाही. म्हटलं, "होतो. कापला आहे."

आणि रात्री चॅनलला जाहीर पत्रक लिहायला बसलो. सुरुवात दवाखान्यापासून केली आहे. पंखा बंद पडतो, एवढंच. दोषी कोण ते अजून लिहिलेलं नाही, उद्गारचिन्ह एकही नाही. मागणी सगळ्यात खाली आहे, एका ओळीची: त्या नर्सचं काय झालं?