अण्णांचे बूट

आमच्या सूतगिरणीच्या विधी विभागात कायद्याच्या पुस्तकांपेक्षा एका बूटजोडाचा वापर जास्त व्हायचा. तो विभागप्रमुख अण्णांच्या टेबलाखाली असे. एखाद्या खात्याकडून 'नियम पाळला' असा कागद आला, की अण्णा चपला काढून बूट चढवायचे आणि बघायला निघायचे.

मी त्यांच्या हाताखाली. प्रदूषण, बॉयलर, कामगार, आग. दर महिन्याला नवं परिपत्रक. सगळ्याची यादी माझ्याकडे आणि ती वेळेआधी संपवायची मला भारी हौस. अण्णा म्हणायचे, "मॅडम, टिक करायच्या आधी पाय दुखाय पाहिजेत."

एकदा परदेशी ग्राहकाला सुरक्षेचं प्रमाणपत्र संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचं होतं. मोठी ऑर्डर त्यावर अडली होती. 'संकटकालीन दारं उघडी' या ओळीपुढे मी सुपरवायझरला फोन करून टिक केली होती.

"बघून आलासा?" अण्णांनी विचारलं. मी फोनकडे बोट दाखवलं, तसे ते बूट चढवून निघाले आणि मी त्यांच्या मागोमाग.

पॅकिंगच्या मागच्या दाराला मुठीएवढं कुलूप. आत चाळीस बायका कामाला.

"सूत चोरीला जातंय की, अण्णा!" सुपरवायझर म्हणाला. "किल्ली मालकांकडं असती."

"आन् आग लागली तर? बायांनी किल्ली मागाय मालकांकडं जायचं व्हय?"

मालक पुण्याला होते. फोनवर म्हणाले, "सही करून टाका अण्णा, कुलूप उद्या काढू."

"मग सही बी उद्या करतो." अण्णा स्टूल ओढून दारापाशीच बसले.

साडेचारला मालक वैतागून म्हणाले, "तोडा!" कुलूप तुटलं. अण्णांनी स्वतः दार ढकललं, बाहेर जाऊन आले आणि प्रमाणपत्रात लिहिलं : 'दाराला कुलूप होते. आज तोडले.'

"हे कशाला लिहायचं? ऑर्डर जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. सही माझी हाय."

ऑर्डर गेली नाही, लांबली. ग्राहकाचा माणूस येऊन दार ढकलून गेला, मगच मिळाली. मालक महिनाभर अण्णांशी बोलले नाहीत. मला मात्र अण्णा रागावले नाहीत. माझी टिक खोडून पेन परत दिलं, एवढंच.

गुडघे थकल्यावर अण्णांनी नोकरी सोडली. त्यांनी माझ्या ताब्यात द्यायच्या वस्तूंची मी यादी केली : फायली, शिक्के, पासवर्ड. अण्णांनी खाली एक ओळ वाढवली : 'बूट'.

मला ते दोन नंबर मोठे होतात. पुढे गिरणीचाच कापूस कोंबलाय. परवा नव्या सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, दारं सगळी ओके."

मी चपला काढल्या.