तीन पळं मागे पडलेलं पात्र

लहानपणी मी फार पिडत असे, हे मी आजही कबूल करते. लाज मात्र वाटत नाही. कसब्यातल्या आमच्या तांबट आळीत दिवसभर हातोड्यांचा असा ठणठणाट चाले, की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. त्यावर आवाज चढवून मी बाबांना विचारायची, "बाबा, नदीपलीकडचा धोबी कपडा आपटताना आधी दिसतो आणि आवाज मागाहून का येतो?" "बाबा, विहिरीचं पाणी माघात कोमट आणि वैशाखात गार, हे उलटं कसं काय?" बाबांचा हातोडा काही थांबत नसे. "अगं भवाने, तोंड दुखत नाही का तुझं?" एवढंच उत्तर मिळे.

मग माझं लग्न ठरलं. दहावं वर्ष सरलं होतं, आणि तेव्हा ती रीतच होती. सासर साताऱ्याचं. तिकडे कोणाला विचारायचं, ही माझी खरी काळजी. दागिन्यांचं आई बघून घेत होती.

मुहूर्ताची वेळ तेव्हा घटिकापात्रावर मोजत. तांब्याचं वाटीएवढं पातळ भांडं, तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. ते पाण्यावर सोडायचं. भोकातून पाणी आत चढत जातं आणि भांडं गुडूप होतं, की एक घटका झाली. घटकेची साठ पळं. आमच्या गुरुजींचं पात्र त्यांच्या आजोबांच्या वेळचं, काठाला पोचे पडलेलं. त्यांनी बाबांना नवं करायला सांगितलं. बाबा म्हणाले, "करतो, पण माझ्या लेकीच्या लग्नाला तेच पाण्यावर सुटलं पाहिजे." गुरुजींनी मान डोलावली.

बाबा त्या पात्रावर जीव टाकून बसले. इतकं पातळ ठोकलं की फुंकर मारली तर उडेल असं वाटे. मग भोक पाडलं आणि वेळ जुळवायला घेतली. गुरुजींचं जुनं पात्र दाराजवळच्या घंगाळात, नवं भट्टीशेजारच्या घंगाळात. एकाच घंगाळात सोडली तर एकमेकांना धक्के देतात, म्हणून ही व्यवस्था. शिवाय भट्टीपाशी बाबांची हत्यारं हाताशी. मी टाळी वाजवायची, दोन्ही पात्रं एकदम सुटायची. नवं मागे पडलं की बाबा भोक केसभर मोठं करायचे. शेवटी एके दिवशी दोन्ही पात्रं एका क्षणी बुडाली. बाबांनी मला उचलून गरकन फिरवलं. तसं ते कधी करत नसत. संध्याकाळी दोन्ही पात्रं गुरुजींकडे पोचती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दोन्ही पात्रं उपरण्यात गुंडाळून दारात हजर.

"शेट, तुमचं पात्र जेवून वामकुक्षी घेतं वाटतं," ते म्हणाले. "माझ्या पात्रामागे तीन पळं रेंगाळलं."

"अहो, काय बोलता आपण!" बाबा उसळले. "इथे जुळवून दिलंय. या, बघा."

पुन्हा टाळी, पुन्हा दोन घंगाळं. दोन्ही पात्रं बरोबर एकदम बुडाली. गुरुजींनी भुवया वर केल्या, दोन्ही पात्रं घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पुन्हा तीन पळं.

"म्हणजे आपल्या घरी गेलं की तेवढं बिघडतं होय?" बाबा म्हणाले.

"माझ्या घरी जिलब्या खाऊ घालत नाही मी त्याला," गुरुजी शांतपणे म्हणाले. "लग्नाला जुनंच ठेवू. आळीत मी काही बोलणार नाही, काळजी नसावी."

हे शेवटचं वाक्य बाबांच्या वर्मी लागलं. न बोलण्याचे उपकार! गुरुजी आपली वहाण चढवून, दोन्ही पात्रं तिथेच ठेवून, पंचांग आणायला पुढच्या गल्लीत गेले. बाबांनी नवं पात्र माझ्या हातात दिलं. "चिंच लावून घास, मळ राहायला नको. मग भट्टीत टाकतो. चाळीस वर्षं ठोकतोय, आणि लेकीच्या लग्नाला मुहूर्त चुकवणारं भांडं केलं." मला रडूच कोसळलं. बाबांचा हात चुकेल, हे मला काही केल्या पटेना.

चिंच लावून झाल्यावर पात्र भट्टीशेजारच्या घंगाळात विसळलं. पाणी कोमट होतं. पुन्हा चिंच लावली आणि या खेपेला दाराशी गेले, कारण तिथे बाबांना माझं रडं दिसलं नसतं. तिथलं पाणी हाताला झोंबलं. मी चटकन हात काढला आणि तशीच थांबले. दोन पाणी एकसारखी नव्हती! आम्ही इतके दिवस पात्रं मोजत होतो, पाण्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

मी पात्रांची अदलाबदल केली. नवं दाराशी, जुनं भट्टीपाशी. टाळी वाजवायला कोणी नव्हतं, म्हणून एक सोडून धावत जाऊन दुसरं सोडलं. जुनं बुडालं. नवं आपलं तरंगतंय, तरंगतंय. मी बोटांवर पळं मोजत राहिले. तीन नाही, चांगली सहाएक पळं गेली तेव्हा कुठे बुडालं.

"बाबा!" मी अशी किंचाळले की शेजारच्या दुकानातले हातोडे थांबले. "पात्र आळशी नाही, थंड पाणी आळशी आहे!"

बाबा ओरडायलाच आले होते. मी त्यांचा हात धरून आधी एका घंगाळात बुडवला, मग दुसऱ्यात. मीच बडबडत सुटले. माघात काकवी पळीला चिकटून बसते आणि जरा चुलीपाशी ठेवली की कशी धावते! पाणीही थोडंसं काकवीसारखंच असणार. गार झालं की अंग आखडतं, भोकातून जायला वेळ लावतं. गुरुजींच्या घरी दोन्ही पात्रं गार पाण्यात, म्हणून नवं मागे. आपण ते उबेत बसवून शिकवलं होतं.

गुरुजी परत आले तेव्हा बाबांनी त्यांना आधी दोन्ही घंगाळांत हात घालायला लावला. गुरुजींनी एकदा या, एकदा त्या घंगाळात पुन्हा बोटं घालून पाहिली. "शेट," ते म्हणाले, "पंचांगात हे लिहिलेलं नाही. आता लिहावं लागेल."

बाबांनी एकाच मोठ्या घंगाळात मधे फळी घालून दोन्ही पात्रं सोडली आणि भोक नव्यानं जुळवलं. गुरुजींनी नेम घालून दिला: पात्र सोडायचं ते विहिरीच्या ताज्या पाण्यात. का, ते मला पुढे साताऱ्यात कळलं. एका फुटक्या वाटीला भोक पाडून मी तिथल्या ताज्या पाण्यावर माघात सोडली आणि वैशाखात सोडली. वाटी तेवढ्याच वेळात बुडाली. विहीर बदलतच नाही मुळी. थंडीत आपण गारठलेले म्हणून ती कोमट लागते, उन्हाळ्यात आपण तापलेले म्हणून गार. विश्वास नसेल त्यानं करून बघावं.

माघात लग्न बाबांच्याच पात्रावर लागलं. पाठवणीच्या सकाळी गुरुजींनी सांगितलं, सूर्य उगवल्यापासून एक घटका भरली की गाडी हललीच पाहिजे. पाणी बाबांनी आधीच भरून ठेवलं होतं. मी सवयीप्रमाणे त्यात बोट बुडवलं. झोंबलं. विहिरीचं ताजं नव्हे, रात्रभर अंगणात उघडं राहिलेलं पाणी होतं ते.

मी बाबांकडे पाहिलं. ते बैलांच्या दाव्याकडे बघत होते, जणू तिथे काही फार महत्त्वाचं चाललं होतं. गुरुजी पुढे आले. त्यांनीही बोट बुडवलं, उपरण्याला पुसलं.

"छान," गुरुजी म्हणाले. "अगदी ताजं. कोमट आहे." आणि त्यांनी पात्र सोडलं.

बाबा माझ्याशेजारी येऊन टेकले. हातात हातोडा नव्हता. "विचार," ते म्हणाले, "काय विचारायचंय ते."

मी धोब्याचं विचारलं. बाबांनी खरोखर विचार केला. "दिसणं धावत येत असेल," ते म्हणाले, "आणि आवाजाला बिचाऱ्याला चालत यावं लागत असेल, पोरी."

मग मी मुंग्यांचं विचारलं, तापल्यावर तांब्यावर रंग का चढतात ते विचारलं. काही बाबांना येत होतं, बरंचसं येत नव्हतं. पात्र बुडालं तेव्हा माझे अजून दोन प्रश्न राहिले होते.