सांगलीची विमानपट्टी, भाड्याची गाडी आणि विट्याचा कासार

विमानात पहिल्यांदा कधी बसलीस, असं मला पुष्कळ जण विचारतात. सांगते, पण तो प्रवास हौसेचा नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, सरहद्दीवर जखमी होऊन मुंबईच्या लष्करी इस्पितळात आला होता. परवा सकाळी ऑपरेशन, आणि डॉक्टरांचा सूर काही बरा नव्हता. दादा म्हणाला, "आईला आन. जमलं तर हिलाबी." जमलं तर म्हणे. बायकोचं नाव घ्यायला त्या अवस्थेतही लाजत होता.

तार करायची माझी हिंमत झाली नाही. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत. तारवाला दिसला की तार वाचायच्या आधी हंबरडा फुटतो. मी माधवनगरच्या एका मिलच्या मुंबई कचेरीत टायपिस्ट होते. मालक दुसऱ्या दिवशी आपल्या छोट्या विमानानं सांगलीला जाणार होते. त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "चल," म्हणाले, "परतताना दोन जागा आहेत." एक माझी, एक आईची. वहिनीला मागाहून रेल्वेनं आणू, असा माझा हिशेब.

विमानपट्टी म्हणजे माळ, पत्र्याची शेड आणि चरणाऱ्या शेळ्या. गाड्या भाड्यानं देणारे अण्णा, जैन गृहस्थ, पांढरी अँबेसिडर घेऊन आले होते. त्यांचा ड्रायव्हर तापानं पडलेला. मी चालवते म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"चालवा की. फकस्त दिस बुडायच्या आत या. पट्टीवर दिवे न्हाईत, विमान थांबायचं न्हाई."

तासगाव, विटा, मायणी, आणि वडूजच्या अलीकडं आमचं गाव. तुम्ही जाणार असाल तर आता रस्ता गुळगुळीत आहे. तेव्हा तासगाव सोडलं की नुसते खड्डे. विट्यात चहा-भजी एका रुपयात भागलं. पुढं ऊस संपतो आणि उघडा माळ लागतो. मला तो आवडतो; हिरवळीचं कौतुक ज्याला करायचं त्यानं खुशाल करावं.

गाडी वेशीतून शिरली तशा बाया उठून मागं धावायला लागल्या. आमच्या गावात मोटार एकाच कामाला यायची, पलटणीतल्या पोराची बातमी घेऊन. तार टाळणाऱ्या शहाणीला हे सुचलं नाही. दारात गाडी उभी करेपर्यंत आत आकांत सुरू झाला होता. धावत गेले तर वहिनीनं कपाळ पुसलेलं, आणि उंबऱ्यावर मनगटं आपटून बांगड्यांचा चुरा केलेला.

"दादा जिता हाय," मी म्हणाले. "तुला बोलावलंय."

जित्या नवऱ्याच्या नावाच्या बांगड्या फोडणं, याहून मोठा अपशकुन आमच्यात नाही.

"वन्सं, काय केलं वो म्या," वहिनी म्हणाली.

आई उठली. तिनं सुनेचं रक्त पुसलं, हळद दाबली, कुंकू लावलं. "विट्यात कासार हाय. भुंड्या हातानं हिला माझ्या लेकापुढं उभी करायची न्हाई."

"आई, विमान जाईल."

"जाऊ दे."

विट्याच्या कासारानं सुजलेली मनगटं पाहिली. "दुखंल, पोरी." "भरा," वहिनी म्हणाली. हिरव्या बांगड्या एकेक करून चढत होत्या आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी आईवर चिडले, कासारावर चिडले. कुणी लक्ष दिलं नाही.

पट्टीवर पोचलो तेव्हा विमानाचा पंखा फिरत होता. मी दोघींना आत बसवलं.

"वन्सं, तुमी?"

"मला गाडी परत करायची आहे."

अण्णांनी किल्ली घेतली. सूर्य मावळल्यावर ते अन्नाला शिवत नसत. माझी वाट बघण्यात त्यांचं जेवण हुकलं होतं. "चालतंय," म्हणाले, आणि मला मिरजेच्या रेल्वेला सोडून आले.

मी पोचले तेव्हा दादाला आत नेलं होतं. तो परत आला नाही. आदल्या रात्री त्यानं वहिनीच्या हाताकडं पाहून विचारलं होतं, "नव्या भरल्यास?" ती म्हणाली होती, "व्हय. तुमी बोलावलं म्हणून."

त्यानंतर मी पुष्कळ हिंडले, मोठमोठे विमानतळ पाहिले. पण प्रवास म्हटला की मला आठवतो आम्ही गावी परतलो तो दिवस. रीतीप्रमाणं म्हाताऱ्या बाया वहिनीच्या बांगड्या फोडायला आल्या. आई दारात आडवी उभी राहिली.

"तिनं एकदा फोडल्यात," ती म्हणाली. "एका नवऱ्यासाठी दोनदा न्हाई."