सभापती धरून

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला दोन सभागृहं भरायची. रस्त्याच्या अलीकडे मोबाईलच्या दुकानापुढे पोरांची लोकसभा आणि पलीकडे चहाच्या हॉटेलापुढे म्हाताऱ्यांची राज्यसभा. नावं कुणी ठेवली ठाऊक नाही, पण राज्यसभेचा कारभार माझ्या वडलांनी लावून दिला. त्यांना मी दादा म्हणायची. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. रिटायर झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही म्हणून हॉटेल धरलं, असं आई म्हणायची.

हॉटेलापुढे समोरासमोर दोन बाकडी होती. एकेकावर पाच जण, म्हणजे सदस्य दहा. मधोमध भिंतीला टेकून एक लोखंडी खुर्ची, ती सभापतींची, म्हणजे दादांची. सदस्यांत रिटायर तलाठी होते, कंपाउंडर होते, वायरमन होते, एसटीचे ड्रायव्हर होते. सकाळी नऊला सभा. एका वेळी एकानंच बोलायचं आणि तेही खुर्चीकडे बघून, 'सभापती महोदय' म्हणून. शेजाऱ्याशी परस्पर भांडायचं नाही. मतं घ्यायची वेळ आली तर सभापती गप्प. दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच त्यांनी आपलं मत द्यायचं. हॉटेलवाले मामा महासचिव होते. नऊ वाजता बाकडी रिकामी दिसली की ते काचेच्या ग्लासावर चमचा वाजवत. ही गणपूर्तीची घंटा. गणपूर्ती म्हणजे सभा भरवायला लागणारी कमीत कमी माणसं. तेवढी नसली की सभा तहकूब. घंटा ऐकून पानटपरीवर रेंगाळणारे लगबगीनं येत आणि मामांचा चहा खपे.

समोरच्या लोकसभेचं काय सांगावं! तिथला अध्यक्ष आठवड्याला बदलायचा आणि त्याचं कोणी ऐकायचं नाही. दोन दिवसांआड कोणाची तरी कॉलर धरली जाऊन ती बरखास्त व्हायची. दादा गालात हसायचे. "त्यांचं सभागृह मोडतं," म्हणायचे. "आपलं मोडत न्हाई. राज्यसभा कधी विसर्जित होत न्हाई, फक्त सदस्य निवृत्त होतात." वर्गातही हे वाक्य ते याच ठसक्यात सांगत.

एकदा लांबच्या खेड्यातला एक माणूस विहिरीच्या मंजुरीची फाईल घेऊन हॉटेलात आला. सभापतीसाहेब इथंच बसतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. बिचारा पंचायत समितीच्या सभापतींना शोधत होता. दादांनी त्याला चहा पाजला, अर्जातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि अंबडच्या बसमध्ये बसवून दिलं.

मला या सगळ्याची लाज वाटायची, हे आज कबूल करते. मी नवीन जालन्यात बँकेत नोकरीला. एकुलती एक. महिन्यातून एका रविवारी गावी जायची, भाकरी-भाजी करायची, गोळ्यांचे डबे भरून ठेवायची आणि चारच्या बसनं परत. आई गेल्यावरही हेच. हॉटेलाकडे मी कधी फिरकले नाही. माहेरी आलेली बाई चारचौघांत हायवेवर बाकड्यावर बसली, तर गाव काय म्हणेल?

शाळेत मी त्यांच्याच वर्गात होते. नियमाच्या बाबतीत या माणसाला पोटची पोर आणि परकी पोर असा भेद नव्हता. नववीच्या परीक्षेत 'गणपूर्ती म्हणजे काय?' असा प्रश्न आला. मी लिहिलं, 'सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश.' त्यांनी अर्धा मार्क कापला आणि शेजारी 'अपूर्ण' असं लिहिलं. उरलेलं काय ते मी विचारलं नाही. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, एवढं पक्कं आठवतं.

मग राज्यसभेचे सदस्य निवृत्त व्हायला लागले. तलाठी गेले, कंपाउंडर गेले, वायरमनला अर्धांगवायू झाला आणि लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. कोणी गेलं की दादा सभेला दोन मिनिटं उभं करत आणि त्या दिवसाचं कामकाज तहकूब. पुढं पुढं तहकुबीचेच दिवस जास्त झाले. निवृत्तांच्या जागी नवे सदस्य यायचे असतात, असं पुस्तकात आहे. वडीगोद्रीत नवे म्हातारे घरीच मोबाईल बघत बसतात. शेवटी बाकड्यावर एसटीचे ड्रायव्हर तेवढे राहिले. ते आणि दादा, अशी दोघांची सभा वर्षभर चालली. या माघ महिन्यात तेही गेले.

चारपाच दिवसांनी दुपारी दादांचा फोन आला. मी डबा खात होते.

"सभा बंद पडली, माय," ते म्हणाले. "गणपूर्ती न्हाई."

मी चेष्टेवारी नेलं. "दहाचा दहावा भाग म्हणजे एक. तुम्ही आहात की! भरवा एकट्यानंच."

"मला कुठं मोजतात? सभापती सदस्य नसतो. बाकड्यावर एक तरी सदस्य लागतो." पुढं म्हणाले, "तू ये की. जागा रिकामी हाय."

"मी? हॉटेलात? बाया बसतात का तिथं?"

"राज्यसभेत बाया न्हाईत का? वयाची अट तिशीची. तुझी तर पन्नाशी आली." मग हळू आवाजात, "नऊला घंटा होते. पंधरा मिनिटं वाट पाहून राह्यलो मी रोज."

मी हसले. येत्या रविवारी येते म्हणाले. त्या रविवारी जावेच्या मुलीच्या लग्नाची सुपारी निघाली. पुढच्या रविवारी अंग कणकणलं. मग मार्च एंड आला आणि बँकेत मान वर करायला फुरसत नव्हती. दादा दर शनिवारी फोन करून एकच विचारत, "उद्या येतीस का, माय?" मी म्हणे, "पुढच्या रविवारी नक्की." त्यांनी एकदाही आग्रह केला नाही. केला असता तर मी चिडले असते, हेही खरं.

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, हॉटेलला निघताना चप्पल घालता घालताच ते उंबऱ्यात बसले. शेजारच्या काकू धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावा झाल्यावर मी त्यांची पुस्तकं आवरायला घेतली. नागरिकशास्त्राचं जुनं पुस्तक हाताला लागलं, पाठीला डिंकानं चिकटवलेलं. संसदेचा धडा उघडला. समासात त्यांचं टपोरं अक्षर होतं, दोनदा अधोरेखित केलेलं: 'गणपूर्ती = एकूण सदस्यांच्या एक दशांश, सभापती धरून. पोरं हे हमखास विसरतात.'

सभापती धरून. नववीत माझा अर्धा मार्क याच दोन शब्दांवर गेला होता.

म्हणजे त्यांना मोजत होते. दहाच्या सभेला ते एकटे पुरे होते, आणि हे त्यांच्याइतकं पक्कं अंबड तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं लेकीचा अर्धा मार्क सोडला नाही, त्यानं जन्मात एकच नियम चुकीचा सांगितला, तोही मला. 'माय, ये, एकट्याला करमत न्हाई,' एवढं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही, म्हणून त्यांनी घटनेच्या आड उभं राहून मला बोलावलं. आणि त्यांचं मीठ खाल्लेली, त्यांच्याच वर्गात शिकलेली मी, मला ती चूक कळली नाही. पुस्तक मांडीवर घेऊन मी ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या दिवशी नऊच्या आधी मी हॉटेलवर गेले. लोकसभेतली पोरं बघत होती, बघू दे म्हटलं. बाकड्यावर बसले.  मामांनी चहा ठेवला, मग लोखंडी खुर्ची फडक्यानं पुसली.

"ताई, बाकडं हलतंय. खुर्चीवर बसा की," म्हणाले. "सर तिथंच बसायचे. रोज घंटा वाजवायला लावायचे अन् जालन्याच्या बसकडं बघत राह्यचे."

"न्हाई मामा," मी म्हटलं. "मी सदस्य आहे."

मामांनी घड्याळ पाहिलं आणि सवयीनं ग्लासावर चमचा वाजवला. दहा जागांतली एक भरली होती, गणपूर्ती झाली होती. सभा सुरू करा म्हणायला खुर्चीत कोणी नव्हतं.