कडीबाहेरून गेलेला पाइप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा शेवटच्या दिवसांत एकदा अगदी ओठांवर आलं होतं. तिनं पाणी मागितलं, मी उठले, आणि ते तिथंच राहिलं. आता तुमच्याजवळ बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

कुठून सुरू करू? आण्णांपासून करते. आण्णा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीतल्या एका गल्लीत खाली त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आणि वर आमच्या दोन खोल्या. तीसेक वर्षं त्यांनी गाड्या उघडल्या आणि जोडल्या, पण नाव झालं ते ब्रेकच्या कामासाठी. इतर मेकॅनिकसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचे, ब्रेकचं असलं तर आण्णांकडं जा. हल्ली पोरं मोठ्या गाड्या घेतात, कंपनीचा रबरी ब्रेक पाइप काढून स्टीलच्या जाळीचा बसवून घेतात. ब्रेक कडक लागतो, दिसायलाही बरा दिसतो. ते काम आण्णांकडं फार यायचं.

आणि आण्णांना दिसत नव्हतं.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनला ते घाबरत होते — एवढा धिप्पाड माणूस, डोळ्याला सुई लावणार म्हटलं की लहान मुलासारखा विषय बदलायचा. काम बोटांनी चालायचं. बोल्टचा आटा, वॉशरची कड, पाइपचा पीळ, सगळं बोटांना कळायचं. तरी ब्रेकचं काम झालं की ते गिऱ्हाईक जवळ नाही असं बघून मला हळूच हाक मारायचे. ‘सुजे, बघ गं जरा.’

बघणं हे माझंच काम होतं, आजही आहे. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. यंत्रातून आलेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, केसाएवढा फरक असला तरी बाजूला टाकायचा. रविवारी सुट्टी. म्हणून आण्णा अवघड कामं रविवारीच घ्यायचे. मी खाली बसायचे, हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवायचे, पुढचा भाग दाबून बघायचे, पाइप कुठं ओढला जातोय का, कशाला घासतोय का. मग म्हणायचे, बरोबर हाय. ते मान हलवायचे. कुणाला पत्ता नाही. हे आमचं दोघांचं गुपित होतं आणि मला ते आवडायचं — हेही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्या रविवारी प्रवीण आला. आमच्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात कामाला, तिशीचा, शिरोळकडचा. घरची शेती, चार म्हशी. जुनी पण दणकट गाडी घेतली होती आणि नवा स्टीलचा पाइप कुठूनसा मागवून आणला होता. पाइप जरा लांब होता. लांब पाइप असला की तो कुठून कसा न्यायचा यालाच महत्त्व. पुढच्या चाकाच्या वर, फोर्कच्या दांडीला एक छोटी कडी असते. पाइप त्या कडीतून ओवून खाली न्यायचा, म्हणजे तो चाकापासून लांब राहतो.

आण्णा काम करत होते, मी शेजारी उभी होते. सवयीनं वाकून बघितलं. प्रवीण हसून म्हणाला, ‘ताईंनापण कळतंय वाटतं यातलं.’

आण्णा मान वर न करता म्हणाले, ‘तिला काय कळतंय? पोरीची जात. उगं बघत असती हौसेनं.’

दोघं हसले. एवढंच झालं. यापेक्षा जास्त काही झालं नाही — मला वाटतं, जास्त काही झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळानं प्रवीण कोपऱ्यावर चहाला गेला. आण्णांनी ब्रेक ऑइल भरून हवा काढली, हात पुसले, गल्लीकडं एकदा बघून घेतलं. ‘सुजे, बघ गं जरा.’

मी खाली बसले. हँडल डावीकडं फिरवलं. उजवीकडं फिरवलं. पाइप कडीला चिकटून गेला होता, पण कडीतून नाही, बाहेरून. बोटांना तो ओवल्यासारखा लागला असणार. मी गाडीचा पुढचा भाग दाबला. पाइपचा फुगीर वळसा खाली आला आणि टायरपासून जेमतेम बोटभर राहिला. गाडीवर माणूस बसला, खड्डा आला, की टेकणार. मला हे दिसलं. स्वच्छ दिसलं. त्यासाठी मला पगार मिळतो.

मी म्हणाले, ‘बरोबर हाय.’

का? कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की आण्णांनी ऑपरेशन करून घ्यावं म्हणून. एखादी तक्रार आली, गाडी परत आली, की त्यांचं त्यांनाच कळेल, डॉक्टरकडं जातील. ऐकायला बरं वाटतं ना? पण हा विचार मला त्या रविवारी सुचलाच नव्हता. तो नंतर केला, मलाच झोप यावी म्हणून. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं — मला काय कळतंय? मग तुमचं तुम्ही बघा.

प्रवीण चहा पिऊन आला. आण्णांशी हात मिळवला, मला ‘येतो ताई’ म्हणाला आणि गेला.

मी कंपनीच्या बसनं कामावर जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेला त्याची गाडी बसच्या शेजारून पुढं गेली. मी खिडकीतून पुढच्या चाकाकडं बघितलं. त्यानंतर रोज. कधी दिसायची, कधी नाही. दिसली की ती लांब जाईपर्यंत मी त्या चाकाकडं बघत राहायचे, आणि दिसली नाही की कारखाना येईपर्यंत मागं वळून वळून बघायचे. तुम्हाला वाटेल, मग बोलली का नाहीस? पहिल्या दिवशी सहज बोलता आलं असतं — अहो, तेवढा पाइप एकदा दाखवून घ्या. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. पण जसजसे दिवस गेले तसतसं ते बोलणं जड होत गेलं. आज सांगितलं तर काल का नाही, हा प्रश्न आलाच. आणि परवा का नाही. आणि त्या रविवारी का नाही?

तिसऱ्या आठवड्यात त्याची गाडी आमच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीजवळ उभी दिसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी जवळ गेले, वाकले. पाइपवरचं काळं आवरण एका जागी गेलं होतं आणि आतली जाळी चकाकत होती. टायरवर त्याच रेषेत एक गुळगुळीत पट्टा पडला होता. मी बोट लावून बघितलं. जाळीच्या दोन-तीन तारा तुटून वर आल्या होत्या, त्यातली एक बोटात घुसली.

‘काय ताई, इथंबी तपासणी?’

प्रवीण मागं उभा होता, हातात चहाचा कागदी कप. हसत होता.

‘न्हाय, सहज,’ मी म्हणाले. बोट ओढणीत धरलं आणि आत गेले. त्या दिवशी मी अकरा भाग नापास केले. पर्यवेक्षक म्हणाले, आज फार कडक दिसताय.

पुढच्या आठवड्यात थंडी पडली. पहिल्या पाळीची बस निघते तेव्हा नुकतं उजाडत असतं. कागलच्या अलीकडं धुकं इतकं होतं, की चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. आणि मग बस थांबली. पुढं उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच बंद पडली होती. तिच्या मागच्या चाकापाशी एक गाडी आडवी पडली होती.

सगळे उतरले. मी उतरले नाही.

मी खिडकीशी बसून राहिले. गाडी ओळखायला मला वेळ लागला नाही. माणसं ट्रॉलीखालून कुणाला तरी ओढत होती, तो ओरडत होता, म्हणजे जिवंत होता. एकजण म्हणत होता, ‘ब्रेकच लागला न्हाय म्हणतोय, लिव्हर हँडलला जाऊन चिकटला म्हणं.’ मला काचेतून फक्त गाडीच्या पुढच्या चाकापाशी डांबरावर पडलेला ओला डाग दिसत होता. पाण्याचा असेल, मी स्वतःला म्हणाले. पाणी कुठून येणार होतं तिथं?

प्रवीणचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चार दिवसांनी त्याचा भाऊ गाडी टेम्पोत घालून आण्णांकडं घेऊन आला. भांडायला नाही. तो बिचारा एवढंच म्हणाला, ‘आण्णा, काय झालं बघा की.’ आण्णा गाडीशी बसले. बोटं हँडलपासून पाइपवरून खाली खाली येत गेली. कडीपाशी थांबली. कडी चाचपली, पाइप चाचपला, पुन्हा कडी. मग फाटलेल्या जागेवर आली. आण्णांचा चेहरा मी बघितला नाही, मी त्यांच्या बोटांकडंच बघत होते. ते त्या भावाला म्हणाले, ‘चूक माझी हाय.’ आणि हात जोडले.

तो गेल्यावर त्यांनी शटर अर्धं ओढलं. स्टुलावर बसले. फडक्यानं एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, ‘सुजे, मी तुला दाखवलं होतं न्हवं?’

आवाजात राग नव्हता. आरोपही नव्हता. माणूस हरवलेली वस्तू शोधताना विचारतो तसं विचारलं. मी खरं बोलले असते तर त्यांनी मला मारलं नसतं. कदाचित रडले असते. कदाचित आम्ही दोघं मिळून प्रवीणकडं गेलो असतो.

मी म्हणाले, ‘न्हाय आण्णा. त्या दिवशी तुम्ही मला बोलावलंच न्हाय.’

ते माझ्याकडं बघत राहिले. ‘बोलावलं न्हाय?’

‘न्हाय.’

‘प्रवीण चहाला गेलता बघ तवा…’

‘न्हाय, आण्णा. तवा मी वर गेले होते.’

आण्णांनी कपाळावरून हात फिरवला. मग हळू मान हलवली, जसं मी ‘बरोबर हाय’ म्हटल्यावर हलवायचे तशी. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. स्वतःच्या डोक्यावर होता त्यापेक्षा जास्त होता, हे मला त्या क्षणी कळलं — आणि मी ते वापरलं.

दुसऱ्या दिवसापासून गॅरेज बंद. अवजारं त्यांनी दुसऱ्या एका मेकॅनिकला देऊन टाकली. वर्षभरानं ते ऑपरेशनलाही तयार झाले, न घाबरता, जणू आता डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो. दोन्ही डोळे उत्तम झाले. आज ते चष्म्याशिवाय लांबच्या बसची पाटी वाचतात. लोक म्हणाले, आण्णा, आता उघडा की गॅरेज. ते म्हणाले, डोळ्याचं काय न्हाय, डोकं गेलंय माझं. न घडलेलं आठवतंय.

मी त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली, म्हणाले काही दोष नाही. आण्णांना पटलं नाही. ते गॅस बंद केला का हे तीन वेळा उठून बघतात. जेवल्यावर मला विचारतात, जेवलो न्हवं मी? कुणाशी बोलताना मध्येच थांबतात आणि माझ्याकडं बघतात, पुढचं खरं की खोटं हे मी सांगावं म्हणून. आणि मी सांगते.

प्रवीण नकली पायावर चालतो. त्याच्या कारखान्यानं त्याला बसून करायचं काम दिलंय. दिवाळीला येऊन आण्णांच्या पाया पडतो, म्हणतो, मनाला लावून घेऊ नका. मी त्याच्यासाठी फराळाचं ताट भरते.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी आण्णा गॅलरीत बसले होते. मी चहा दिला. ते आपणहून बोलायला लागले.

‘सुजे, तुला सांगू? तो रविवार मला आजबी दिसतोय. तू हिरवा ड्रेस घातला होतास. प्रवीण चहाला गेला. मी म्हटलं, बघ गं जरा. तू खाली बसलीस, हँडल इकडं फिरवलंस, तिकडं फिरवलंस. मग पुढनं दाबून बघितलंस. आन् थांबलीस. जरा जास्तच थांबलीस बघ. मग म्हणालीस, बरोबर हाय.’ ते हसले. ‘सगळं कसं समोर दिसतंय. आन् यातलं कायबी घडलेलं न्हाय! बघ, डोकं कसं फसवतंय माणसाला.’

ड्रेस हिरवाच होता.

मी म्हणाले, ‘वयानं असं होतं, आण्णा.’

त्यांनी मान हलवली आणि चहाची बशी ओठांना लावली.