कुणी थांबवलं नाही

दरवर्षी नाटकाच्या वर्गात मी तोच प्रश्न विचारतो. शोकांतिकेचा नायक कशानं होतो? मागच्या बाकावरून पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "मरता है न सर, आखिर में." वर्ग हसतो. मी म्हणतो, बनारसमध्ये नुसतं मरून कुणी शोकांतिकेचा नायक होत नाही, इथे लोक मरायला मिळावं म्हणून खोली भाड्यानं घेतात. पुन्हा हसतात. मग मी फळ्याकडे वळतो, कारण पुढचं मला त्यांच्या तोंडाकडे बघून सांगता येत नाही.

पुढचं असं की दुष्ट माणूस बुडाला तर ती शिक्षा. भल्या माणसावर छप्पर कोसळलं तर तो अपघात. ज्या गुणासाठी माणसाला जग मानतं, तोच गुण त्याला बुडवतो आणि बुडताना त्याला सगळं कळतं, तेव्हा ती शोकांतिका. हे मी पुस्तकातून सांगतो असं मुलांना वाटतं. मी ते एका वसंतपूजेत पाहिलं आहे, आणि त्यात माझा हात होता.

माझे वडील, आप्पा, घनपाठी वैदिक होते. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या पाठशाळेत त्यांनी जन्मभर मुलांना वेदांची संथा दिली. मलाही दिली. मी ती अर्ध्यावर टाकून युनिव्हर्सिटीत गेलो, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. ते बोलत फक्त चुकीबद्दल. मंत्रजागराला वैदिक दोन रांगांत समोरासमोर बसतात. एक रांग म्हणते, दुसरी तिथून पुढे उचलते. कुणी चुकला तर समोरच्यानं आपल्या मांडीवर थाप मारून त्याला थांबवायचं आणि बरोबर पद म्हणायचं. चुकलेला मागे येतो, पुन्हा धरतो. आप्पांच्या थापेला सगळे बिचकून असत.

तरुणपणी त्यांनी भर सभेत स्वतःच्या गुरुजींना थांबवलं होतं. गुरुजी मागे आले, पाठ पुरा केला आणि नंतर आपल्या हातानं त्यांना पेढा भरवला. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की आई वाढता वाढता म्हणे, "पेढा खाऊन झाला असेल तर जेवायला या." आप्पा गोष्टीच्या शेवटी म्हणत, "ज्याला थांबवतात तो अजून पंगतीत आहे असं समजावं." मला हे वाक्य पाठ होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

म्हातारपणी ते विसरू लागले. चष्मा, शेजाऱ्यांची नावं, जेवण झालं की नाही. पाठ तेवढा शाबूत राहील असं आम्ही धरून चाललो होतो. एका सकाळी म्हणताना ते भलतीकडेच गेले. दोन मंत्रांची सुरुवात सारखी असली की तिथे नवशिक्याचा पाय घसरतो, तो पुढच्याऐवजी मागच्यात उतरतो. आप्पांना ते कळलं नाही. मला कळलं, तेवढी संथा माझ्यात उरली होती.

त्या वर्षीची वसंतपूजा, म्हणजे वैदिकांना घरी बोलावून केलेला मंत्रजागर, अमृतराव घाटाजवळच्या एका घरी होती. आदल्या दिवशी मी आप्पांच्या लहानपणापासूनच्या सहाध्यायाकडे गेलो. त्यांना मी काका म्हणतो.

"काका, उद्या आप्पा चुकले तर थांबवू नका. बाकीच्यांनाही सांगा."

काका सुपारी कातरत होते. "जन्मभर माझ्यापायी त्यानं स्वतःची मांडी लाल करून घेतली. आता कुठे माझी पाळी आली, तर तू नको म्हणतोस?"

"थट्टा नाही. चार लोकांत त्यांना सहन नाही व्हायचं."

"त्याला, की तुला?"

"त्यांना," मी म्हणालो.

अडकित्ता थांबला. "ठीक है. तू शिकलेला आहेस."

दुसऱ्या दिवशी अंगणात सतरंज्या पडल्या, मनगटांना अत्तर लागलं, वाळ्याचं पाणी फिरलं. पाठ सुरू झाला आणि आप्पा त्याच ठिकाणी घसरले. समोरची रांग किंचित अडखळली. काकांनी मान खाली घातली आणि चुकीच्या वाटेनंच पुढचं उचललं. सगळे मागोमाग गेले. म्हणत म्हणत पाठ पुन्हा त्याच वळणाशी आला, आप्पा पुन्हा तसेच मागे उतरले, पुन्हा सगळे त्यांच्यामागे. यजमान हात जोडून ऐकत होते, त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. घाण्याच्या बैलासारखी ती विद्वान माणसं माझ्या शब्दाखातर गोल फिरत होती.

पुन्हा ते वळण आलं तेव्हा आप्पा थांबले.

"इथून आपण मघाशीच गेलो," ते म्हणाले.

त्यांनी काकांकडे पाहिलं. "ऐकत होतास ना तू?"

"होतो."

"मग?"

काकांनी फक्त माझ्याकडे नजर टाकली. आप्पांची नजर तिच्या मागोमाग आली.

ते रागावले नाहीत. उपरणं उचललं, समोरच्या रांगेला नमस्कार केला आणि उठले. गल्लीत मी त्यांना गाठलं. "आप्पा, तुमचा मान राहावा म्हणून—"

"मान?" ते चालत राहिले. "पंगतीतून उठवलंस मला."

दुसरा कुणी म्हातारा पूजेचे भिजवलेले हरभरे खाऊन समाधानानं घरी गेला असता. आप्पांना ते जमणार नव्हतं. ज्या कानानं जन्मभर दुसऱ्यांच्या चुका टिपल्या, त्याच कानानं त्यांना समोरची दया ऐकू आली. म्हणून त्यांना नायक म्हणतो. मी नायक नाही. अशा नाटकांत एक भला माणूस असतो, तो चांगल्या हेतूनं चुकीचा निरोप पोचवतो आणि शेवटी बहुधा जिवंत राहतो.

त्यानंतर घरात पाठ ऐकू आला नाही. थंडीत एका दुपारी गच्चीवर उन्हाला बसले असताना त्यांनी हळू आवाजात सुरू केलं. मी जवळच उत्तरपत्रिका तपासत होतो. ते त्या वळणाशी आले, घसरले, दोन पदं पुढे गेले आणि थांबून माझ्याकडे बघत राहिले. बरोबर पद माझ्या जिभेवर होतं. नुसती मांडीवर थाप मारायची होती. पण मला वाटलं, इतक्या दिवसांनी म्हणताहेत, म्हणू द्यावं.

"छान चाललंय, आप्पा," मी म्हणालो. "म्हणा पुढे."

"हो," ते म्हणाले आणि शाल ओढून घेतली. पुढे काही म्हणाले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनी सांगितलं, काशीत गेले, सोनं झालं.

यंदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, बचाने का मौका किसी को मिलता है?"

"मिलता है," मी फळ्याकडे तोंड करून म्हणालो. "दो बार."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं.